आक्षीचे पक्षी आणि विसर्जन समिती

पक्ष्यांच्या बाबतीत मी अगदीच अडाणी आहे, असं कुणी समजू नये. ठाण्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जे जे पक्षी येऊन बसतात, ते सगळे मी डोळे मिटून, नुसत्या पंखांच्या फडफडीवरून ओळखतो. सगळी कबुतरंच असतात.

एवढ्या भांडवलावर मी सकाळी सकाळी समुद्रकिनाऱ्यावर पक्षी बघायला उभा राहिलो, तोही ऐन पितृपक्षात, याचं सगळं श्रेय माझ्या पुतणीचं. ही मुलगी रविवारी पहाटे चारला उठते, पाठीला सॅक लावते आणि कुठल्या तरी खाडीच्या कडेला जाऊन चिखलाकडे टक लावून बसते. परत येते ती इतक्या उजळलेल्या चेहऱ्याने, की यात कुणीतरी मुलगा असणार अशी तिच्या आईला बरेच दिवस शंका होती. मुलगा नव्हता. खरोखरच चिखल होता.

तर या पुतणीने एका संध्याकाळी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि म्हणाली, "काका, निवृत्त झाल्यापासून तुम्ही सोफ्यावरून दिसतं तेवढंच जग बघताय. आमचा ग्रुप आक्षीला चाललाय, तुम्ही पण चला." मी म्हटलं, अगं, आपली ठाण्याची खाडी काय वाईट आहे? २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगाने मान्य केलेली पाणथळ जागा आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. "मग कधी गेलात?" तिने विचारलं. सुट्ट्या पैशांचा प्रश्न येतो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

शिवाय आक्षी म्हणजे अलिबागला लागून, आणि अलिबाग म्हटलं की सुरमई, हा पुढचा हिशेब मी मनातल्या मनात केला होताच. तो आमच्या हिने डब्याची तयारी करता करता मोडून काढला. "पितृपक्ष आहे," ही म्हणाली, "बघायचे ते झाडावर बघा. ताटात काही शोधू नका."

तयारीला लागलो. पुतणीने पाठवलेल्या सूचनांत पहिली अशी होती की कपडे मातकट, करड्या किंवा शेवाळी रंगाचे असावेत, म्हणजे पक्षी बुजत नाहीत. आता माझ्याकडे मातकट रंगाचे उत्तम शर्ट होते, पण ते हिने गेल्या दिवाळीच्या साफसफाईत लादी पुसायला काढले आणि त्यानंतर ते इतके मातकट झाले की घालण्याच्या पलीकडे गेले. बाकीचे इस्त्रीवाल्याकडे, आणि इस्त्रीवाला गावाला. कपाटात उरला सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचा टी-शर्ट. रंग झगझगीत भगवा. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'विसर्जन समिती'. मी विचार केला, आपण पक्ष्यांकडे तोंड करून उभे राहणार, पाठीवर काय लिहिलंय ते त्यांना कसं दिसणार?

दुसरी सूचना दुर्बिणीची. ८×४२ ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं, असं पुतणीने लिहून दिलं होतं. दुकानात गेलो तर तिथे २०×५० ची होती, आणि सवलतीत होती. आठ आणि वीस यांतला मोठा आकडा कोणता, हे सांगायला काही पक्षितज्ज्ञ लागत नाही. नोकरीतली सगळी वर्षं मी आकडेमोडीत घालवली आहेत. मी वीसवाली घेतली आणि पुतणीला काहीच बोललो नाही. म्हटलं, तिला तिथे चकित करू.

ती चकित झाली.

निघालो शुक्रवारी दुपारी. गाडीत पुतणीने मला हाच मोसम का, ते समजावलं. उत्तरेकडे थंडीची चाहूल लागली की किनाऱ्यावर वावरणारे छोटे पक्षी तिकडचा मुक्काम हलवतात. ऑगस्टपासूनच ते आपल्याकडे उतरायला लागतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत कोकणच्या वाळूवर त्यांची वर्दळ सुरू झालेली असते. काही इथेच हिवाळा काढतात, काही दमभर थांबून आणखी पुढे जातात. यांतल्या बऱ्याच जातींत आईबाप आधी निघून जातात आणि त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पोरं मागाहून, कुणी वाट न दाखवता, हजारो किलोमीटर उडत बरोबर मुक्कामी पोचतात. २०२२ मध्ये गॉडविट जातीचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्कातून उडालं ते अकरा दिवसांनी टास्मानियात उतरलं. अंतर १३,५६० किलोमीटर. मध्ये कुठे टेकणं नाही, खाणं नाही, पाणी नाही. एवढ्या लांब निघायच्या आधी हे पक्षी वजन कमी करायला स्वतःची पचनेंद्रियं आक्रसून घेतात म्हणे.

हे सगळं मी मन लावून ऐकलं. पनवेलला चहा घेताना ऐकलं, पेणला वडापाव खाताना ऐकलं, वडखळला परत चहा घेताना थोडं राहिलं होतं ते ऐकलं. पोयनाडला पुतणीने गाडी थांबवू दिली नाही.

पुढे किहीमचा फाटा लागला, तशी ती हळवी झाली. पक्षितज्ज्ञ सलीम अली १९३० मध्ये जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती, म्हणून ते किहीमला येऊन राहिले आणि तिथे सुगरणींच्या वसाहतीकडे बघत बसले. नुसतं बघत बसण्यातून त्यांनी शोधून काढलं की सुगरणीचा नर घरटं अर्धवट बांधतो, मग माद्या येऊन ते तपासतात, एखादीला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरीसाठी दुसरं घरटं बांधायला घेतो. बेकारीत माणूस एवढं काम करतो, हे ऐकून मला माझ्या निवृत्तीबद्दल उगाचच अवघडल्यासारखं झालं. रात्री मी ही गोष्ट हिला फोनवर सांगितली. "म्हणजे त्यांच्यातही घर बायकोच्या पसंतीचंच," ही समाधानाने म्हणाली. दुसऱ्या घरट्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मुक्काम नागावला, नारळ-पोफळीच्या वाडीतल्या एका घरगुती खोलीत. जेवण वाढता वाढता घरच्या काकूंनी विचारलं, उद्या किती वाजता जाणार? आमच्या म्होरक्याने मोबाइल काढला, त्यात भरती-ओहोटीचं ॲप उघडलं, ते गोल गोल फिरायला लागलं. तोवर काकू भाताचं पातेलं हातात घेऊन म्हणाल्या, "उद्या दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, दीड-पावणेदोनला पूर्ण ओहोटी." ॲपने थोड्या वेळाने साधारण तेच सांगितलं. किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब: पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, आणि पुढे तिथीचा आकडा गुणिले पाऊण. आणि पक्षी बघणाऱ्याला भरती हवी असते, कारण ओहोटीला पक्षी पाण्याच्या मागोमाग लांब, ठिपक्याएवढे होऊन चरत असतात. पाणी चढायला लागलं की तेच पाणी त्यांना हाकत हाकत आपल्यासमोर वाळूवर आणून सोडतं. म्हणजे निसर्ग पक्ष्यांना आपल्या पुढ्यात आणून ठेवतो. आपण फक्त बघायचं.

तेवढंच मला जमायचं होतं.

सकाळी साडेसहाला आम्ही आक्षीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपाशी होतो. म्होरक्या, पुतणी, तिच्या कॉलेजातली दोन-तीन मुलं, आणि एक सहावीतला मुलगा, ज्याला त्याचे वडील घेऊन आले होते असं वडिलांना वाटत होतं. समोर पाणी चढत होतं आणि ओल्या वाळूवर खरोखरच पक्षी जमले होते. मी दुर्बीण काढली. पुतणीने तिच्यावरचा आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त "काका" म्हणाली.

वीस पटीचं रहस्य असं, की ती पक्षी वीस पट मोठा करते तसा आपल्या हाताचा कंपही वीस पट करते. मी दुर्बीण डोळ्यांना लावली तर समोर भूकंप चालला होता. शिवाय त्यातून जगाचा जेवढा तुकडा दिसतो तो इतका लहान, की पक्षी नेमका त्या तुकड्यात आणायला पक्ष्याचं सहकार्य लागतं. त्यात माझा चष्मा. चष्मा लावून बघितलं तर गोल काळी कड दिसायची, काढून बघितलं तर कडसुद्धा दिसेना. मग सहावीतल्या मुलाने दयेने सांगितलं की आजोबा, ते रबरी कप चष्मेवाल्यांनी मुडपायचे असतात, आणि उजव्या डोळ्यापाशी एक वेगळं चक्र असतं ते आधी लावून घ्यायचं असतं, डावा डोळा मिटून. मी डावा मिटला. उजवाही त्याच्या सोबतीने मिटला. एक डोळा मिटण्याची कला मला तरुणपणीच साधायला हवी होती, पण त्या काळात मी बँकेच्या परीक्षा देत होतो. शेवटी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला, चक्र फिरवलं, दोन्ही डोळ्यांचं जमवलं, कोपर छातीशी घट्ट धरलं, श्वास रोखला, आणि भिंगांत वाळूचा एकेक कण लख्ख, स्वच्छ, अप्रतिम दिसायला लागला. नुसती वाळू. मी दुर्बीण खाली घेतली. साडेआठ वाजून गेले होते. मी फोकस लावेपर्यंत समुद्रच निघून गेला होता.

मधल्या काळात एक घोटाळा झाला, तो सांगायचा राहिला. भरती ऐन रंगात असताना म्होरक्या दबक्या आवाजात म्हणाला, "दोन वाजता, व्हिम्ब्रेल!" सगळ्यांनी झटकन माना वळवल्या. मी घड्याळ बघितलं. साडेसात. म्हटलं, वा, काय अभ्यास आहे माणसाचा, कुठला पक्षी किती वाजता येणार तेही पाठ! दोनला अजून अवकाश होता, म्हणून मी वाळूवर फतकल मारून बसलो आणि चक्राशी खेळत राहिलो. आपण घड्याळाच्या मध्यावर उभे आहोत, नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, अशी दिशा सांगायची त्यांची पद्धत आहे, हे मला पुतणीने सांगितलं तेव्हा व्हिम्ब्रेल आपली लांब, खाली वाकलेली चोच घेऊन निघून गेला होता.

उरलेले पक्षी मात्र पुतणीने स्वतःच्या दुर्बिणीतून दाखवले, आणि खरं सांगतो, बघत राहावं असे होते. सँडरलिंग म्हणून एक असतो, आर्क्टिकच्या काठावर जन्मलेला. लाट आली की हे सगळे तुरुतुरु मागे, लाट फिरली की सगळे तुरुतुरु तिच्या मागे, चौपाटीवर साडी वर धरून पाय भिजवणाऱ्या मावश्यांसारखे. स्टिंट त्याहून लहान. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे माझ्या चष्म्याच्या घराहूनही कमी, आणि येतो तो पार उत्तरेच्या टुंड्रातून. आणि चिखल्या. चिखल्या थोडं धावतो, एकदम थबकतो, विचार करतो, परत धावतो. मी सगळ्यांत जास्त त्याच्याशी समरस झालो, कारण स्वयंपाकघरात कशासाठी आलो ते आठवत नाही तेव्हा मीही हेच करतो.

पण त्यांना ओळखायचं म्हणजे परीक्षा. माझ्या पुस्तकात चिखल्याची छाती छान विटकरी रंगाची होती. समोरचे सगळे धुळकट. पुतणी म्हणाली, विटकरी रंग हा विणीच्या हंगामातला. इथे येईपर्यंत तो उतरतो, एखाद्याच्या छातीवर पुसट खूण राहिली तर राहते. म्हणजे नटूनथटून ते तिकडे असतात, आणि आपल्याकडे येतात ते घरच्या कपड्यांत. त्यात चिखल्यांत एक लहान जात आणि एक मोठी जात. फरक म्हणजे चोचीची लांबी आणि पाय, तोही दोघे शेजारी शेजारी उभे राहिले तर. एका पक्ष्यावरून म्होरक्या आणि सहावीतला मुलगा यांच्यात मोठा वाद झाला. माझं मत विचारलं तेव्हा मी दोघांनाही दुजोरा दिला. नोकरीतली सवय.

"आणि कुरव?" मी अभ्यासूपणाने विचारलं. चित्रांतल्या समुद्रावर जे पांढरे पक्षी घिरट्या घालत असतात ते कुरव, एवढं वाचून गेलो होतो. "त्यांचे थवे अजून यायचेत, आजोबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही नोव्हेंबरात यायला हवं होतं." मग समुद्रात गादे दिसले, म्हणजे डॉल्फिन, कोकणात त्यांना गादा म्हणतात. सगळे ओरडले, "ते बघा, ते बघा!" मी बघितलं. पाणी होतं. "परत आला, तिथेच!" मी तिथेच बघितलं. पाणी तिथेच होतं. गादा श्वास घ्यायला क्षणभर वर येतो, आणि माझी मान वळायला साधारण दोन क्षण लागतात. हे गणित शेवटपर्यंत सुटलं नाही.

अकराच्या सुमारास डबे उघडले. मी सुरूच्या एका उंच झाडाला टेकून बसलो. डब्यात अळूवड्या होत्या. परवाच बाबांची तिथी झाली, तेव्हा हिने अळूचे उंडे जास्तीचे उकडून फ्रिजमध्ये ठेवले होते, ते निघायच्या दिवशी तळून दिले. तिथीच्या दिवशी आम्ही गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसलो होतो. मी 'काव काव' केलं, हिने केलं, वॉचमननेही बिचाऱ्याने करून बघितलं. कावळा पाण्याच्या टाकीवर बसून आमच्याकडे बघत राहिला आणि दुपार टळेपर्यंत शिवला नाही. बाबा हयातीतही वेळेवर जेवायला कधी बसले नाहीत, अशी समजूत घालून आम्ही जेवून घेतलं होतं.

तर वडी तोंडाकडे नेली, एवढ्यात म्होरक्या कापऱ्या आवाजात म्हणाला, "काका, हलू नका. अजिबात हलू नका." मी बघितलं तर सगळे माझ्याकडे दुर्बिणी आणि कॅमेरे रोखून उभे. माझ्या मनात एकच विचार आला: साप. मी थिजलो. हात तोंडाजवळ, हातात अळूवडी, डोळे समोर. कपाळावरून घाम ओघळला तो पुसला नाही. नाकाला खाज आली ती सोसली. आणि मग डाव्या बाजूने एक कावळा शांतपणे चालत आला, माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं, छोटी उडी मारली आणि हातातली वडी घेऊन गेला. मी हललो नाही. म्होरक्याने सांगितलं होतं ना.

साप वगैरे काही नव्हता. माझ्या डोक्यावरच्या फांदीवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड येऊन बसला होता. कोकण किनाऱ्यावरचा हा राजा. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास, खातो मासे आणि समुद्रसाप, घरटं बांधतो ते उंच झाडावर. ज्यासाठी सगळे आले होते तो हाच. वडी घेऊन गेलेल्या कावळ्याच्या भाऊबंदांनी काव काव करत गरुडाला हैराण केलं, तो उठला, सावकाश समुद्राकडे गेला. मी मान वर केली तेव्हा फांदी हलत होती.

फोटो मात्र छान आला आहे. वर गरुड, खाली भगव्या टी-शर्टात मी, मध्ये वडीसकट कावळा. मी कॅमेऱ्याकडे बघतोय. गरुड माझ्याकडे बघतोय.

मी हिला फोन लावला आणि कावळ्याने वडी नेल्याचं सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. मग हिने विचारलं, "एकच नेली? बाबांना तर दोन लागायच्या."

जेवणानंतर मंडळी सावलीत पहुडली. मला मात्र स्वतःच्या नावावर एक तरी पक्षी हवा होता. ओहोटीने किनारा लांबवर उघडा पडला होता आणि खाडीच्या तोंडाशी मला एक मोठा, उंच, करडा पक्षी एका पायावर स्तब्ध उभा दिसला. वीस पटीत बघितला तरी हलेना, म्हणजे दुर्बीण हलत होती, तो हलत नव्हता. म्हटलं, हाच आपला. दबक्या पावलांनी निघालो. वाळू संपली, गाळ लागला, गाळ घोट्यापर्यंत आला, पण माझी नजर पक्ष्यावर होती. गाळ पोटरीपर्यंत आला तेव्हा पक्षी इतका जवळ होता की त्याला बांधलेली नायलॉनची दोरी दिसली. जाळं लावायचा खुंटा होता. मी मागे फिरायला गेलो. शरीर फिरलं, पाय फिरले नाहीत. गुडघ्यापर्यंत रुतलो होतो.

हाक मारायची लाज वाटली, म्हणून थोडा वेळ नैसर्गिकपणे उभा राहिलो. आणि काय सांगू, सकाळपासून जे दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. माझ्या गुडघ्याशी बिळांतून चिमुकले खेकडे बाहेर आले. नरांची एकच नांगी अवाढव्य, ती उंचावून ते हलवत होते, माद्यांना बोलवायला आणि दुसऱ्या नरांना दटावायला. माझ्यासाठी यांपैकी कोणता अर्थ होता ते कळलं नाही. पलीकडे निवटे चिखलावरून सरपटत चालले होते. निवटा हा मासा आहे, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, पुढच्या परांच्या आधाराने गाळावर चालतो. मासा चिखलातून चालत होता आणि मी उभा होतो. मग कुठूनसा एक तुतवार आला, मागचा भाग सतत वरखाली करत, टिपत टिपत, पार माझ्या हाताच्या अंतरावर. दुर्बिणीचा काही उपयोग नव्हता, इतक्या जवळचं तिला दिसतच नाही. उजव्या बाजूला, जरा पुढे उभा होता तो. मी घड्याळ बघितलं. दोन वाजले होते.

सगळ्या अर्थांनी दोन वाजता दिसलेला हा माझा एकुलता एक पक्षी.

तेवढ्यात लक्षात आलं की पाणी फिरलंय. काकूंचा हिशेब चोख होता, भरती परत सुरू झाली होती आणि माझ्या गुडघ्यांच्या दिशेने येत होती. मी लाज सोडून ओरडलो. कडेला तिसऱ्या गोळा करणाऱ्या दोन कोळणी धावत आल्या. "अवो दादा, हलू नका! हललात की आत जाल!" त्या दिवसात हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो, त्यामुळे सराव होता. मोठीने लांब काठी पुढे केली, मला मागे रेलायला लावलं, "चप्पल सोडा, चप्पल राहूद्या तिथंच," म्हणत एकेक पाय हळूहळू सोडवून घेतला. मी पालथा, पोटावर, सरपटत वाळूवर आलो. तेव्हा धाकटीने माझ्या पाठीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. मग मोठीने विचारलं, "करायला आले व्हते, का व्हायला?"

पक्षी बुजतात म्हणून दबक्या आवाजात बोलणारा आमचा ग्रुप त्यानंतर बराच वेळ इतक्या मोठ्याने हसत होता की आक्षीपासून रेवदंड्यापर्यंत एकही पक्षी जागेवर राहिला नसेल.

परतीच्या वाटेवर पुतणीने मोबाइलवर पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्डची यादी भरली. कुणी काय पाहिलं ते विचारत गेली. तुतवाराचं मी सांगितलं, पण त्याला साक्षीदार दोन निवटे आणि एक खेकडा, त्यामुळे सहावीतल्या मुलाने तो अडवून धरला. "पण आजोबांचा कावळा पक्का आहे," तो म्हणाला, "मान करडी होती, म्हणजे घरकावळा. फोटोही आहे." मी म्हटलं, कावळा काय लिहायचा? तर पोरगं गंभीर झालं. म्हणाला, नेहमीचे पक्षी लिहिलेच नाहीत, तर ते कमी झाले तरी कुणाला कळणार? २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांचा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो तीस हजारांहून जास्त हौशी माणसांनी भरलेल्या अशाच याद्यांवर बेतलेला आहे. शास्त्राला माझ्याकडून जे मिळालं ते असं: घरकावळा, एक, आक्षी. शेऱ्याच्या रकान्यात पुतणीने लिहिलं, 'अळूवडी खाताना'.

तेव्हा मंडळी, तुम्हीही जरूर जा. तिथीची पाऊणपट करून भरती काढा आणि तिच्या तासभर आधी पोचा, दुर्बीण ८×४२ चीच न्या, दुकानदाराचं ऐकू नका, खाडीच्या तोंडाशी जे एका पायावर उभं असेल त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि चप्पल जुनी घाला. माझी नवी होती.